तिसऱ्या पंख्याखाली

"भूत न्हाई! आकडा चुकलाय, आकडा!"

सोमवारी सकाळी बोरथळच्या चौकात, निदान तीस माणसांच्या देखत, बुद्धभूषणनं हे जाहीर केलं. एवढ्यावर थांबला असता तर पुढचं पुष्कळ टळलं असतं. पण विट्याच्या पंचक्रोशीतल्या सगळ्या गाड्यांना ब्रेक लावून देणारा हा माणूस, स्वतःच्या जिभेला तेवढा लावायचा विसरलाय. तो पुढं म्हणाला, "शनिवारपातुर ही गाडी पठारावरनं एकदाबी बंद न पाडता आणून दाखवतो. न्हाई जमलं, तर गॅरेजची पाटी उतरवतो!"

तीस माणसांनी माना डोलावल्या. त्यातल्या निम्म्यांनी मनातल्या मनात पाटी उतरवूनही ठेवली.

गाडी वीरधवलची. वीरधवल म्हणजे सुभेदार लालासाहेबांचा एकुलता एक मुलगा. कोइमतूरला त्याचं गलाईचं दुकान. दिवसभर सोनं वितळवायचं आणि जेवताना मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ बघायचे, हा त्याचा दिनक्रम. दोन वर्षांपूर्वी त्यानं एक जुनी चौकोनी गाडी बुद्धभूषणच्या गॅरेजात आणून सोडली, आणि तिकडं अपघातात चेपलेल्या एका गाडीचं इंजिन ट्रकमधून पाठवून दिलं. बुद्धभूषणनं पुण्याच्या कंपनीतली नोकरी या गाडीच्या नादात सोडली. दोन वर्षं एकही रविवार पाळला नाही. इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो बसवला, पाइप स्वतः वाकवले, स्वतः वेल्डिंग केले, संगणक बसवला. लग्नाच्या वाढदिवसाची तारीख विसरणारा हा गडी त्या गाडीतल्या प्रत्येक बोल्टचं माप तोंडपाठ सांगायचा. त्या गाडीवर त्याचा जीव होता, सरळच सांगायचं तर!

आणि अशी गाडी पठारावर जाऊन मरायची.

पठार म्हणजे बोरथळच्या डोक्यावरचा माळ. तिथं पवनचक्क्या आहेत, गावात त्यांना पंखे म्हणतात. पाच किलोमीटरचा सरळ चढ, दोन्ही अंगांना कुसळं. झाड नाही, माणूस नाही, साधा कावळा नाही. पहिला पंखा मागं पडतो, दुसरा पडतो, आणि तिसऱ्या पंख्याशी रस्ता एकदम वळतो. गाडी तिथं पोचली, की 'हाऽऽश' असा लांब सुस्कारा टाकायची, दोन आचके द्यायची आणि गप्प व्हायची. मग वरच्या पात्याची सावली बॉनेटवरून सरकत जायची. परत यायची. परत जायची. असं तीन वेळा झालं, आणि तिन्ही वेळा त्याच जागी.

गाडी न्यायला गावी आलेला वीरधवल तिसऱ्या वेळी पायी घरी आला तेव्हा त्याच्या आईनं, रंगूबाईंनी, निकालच देऊन टाकला. "त्या इंजिनाचा पैला मालक जागेवर गेला असणार. त्यो सुटला न्हाई. श्वास घ्याया बघतोय बिचारा, आन् त्याला घेता येत न्हाई."

यानंतर लालासाहेबांच्या अंगणात उभ्या असलेल्या त्या गाडीशेजारून जाताना माणसं उगाचच चालीचा वेग वाढवायला लागली. कुत्रीसुद्धा तिच्या चाकाशी जाईनात, आणि कुत्र्यांनी चाक सोडलं म्हणजे प्रकरण साधं नाही, यावर गावाचं एकमत झालं!

लालासाहेबांनी तीस वर्षं फौजेत काढलेली. त्यांचा भुतावर विश्वास नव्हता, हुकमावर होता. "भूत असू दे, न्हाईतर मशीन असू दे," ते म्हणाले, "वळणावर दम सोडणारी गाडी एक दिस पोराला घिऊन दरीत जाणार. शनिवार सांजपातुर नीट झाली तर बघू. न्हाईतर ऐतवारी कटरवाला येईल, तुकडं करील आन् भंगारात दिऊन टाकील. मला एकच पोरगा हाय." शेवटच्या वाक्याला त्यांचा आवाज जरा हलला. मग खाकरून त्यांनी तो जागेवर आणला.

म्हणून ती चौकातली घोषणा!

बुद्धभूषणचे वडील राजाराम मास्तर. त्यांनी पोराला लहानपणापासून एकच मंत्र दिला होता : डोळ्यानं बघ, हातानं माप, आणि मगच बोल. तिसऱ्या भागात गडबड होती, पण पहिले दोन पोरानं हाडात भिनवले होते. त्यानं सोमवारीच अंगणात लॅपटॉप मांडला, बॉनेट उघडलं आणि हवेच्या मापाचा सेन्सर बाहेर काढून पुसून परत बसवला. नवा कोरा होता. यादीतल्या त्याच्या नावापुढं बरोबरची खूण करून टाकली. आता त्याच्यावर संशय घ्यायचं कारणच उरलं नाही.

तेवढ्यात रंगूबाई पाणी घेऊन आल्या आणि बॉनेटमध्ये वाकून बघायला लागल्या.

"भूषण, ह्यो श्वास कुठनं घेतो रं?"

कोणी असा प्रश्न विचारला की बुद्धभूषण फुलतो. "हितनं, काकी! ह्या पाइपाच्या तोंडातनं. ह्येचा फिल्टर पुण्यास्नं यायचाय अजून, तवर नुसती जाळी लावलीया. आत केसायेवढी तार हाय, तापलेली. वारा आला की ती गार हुती. किती गार झाली त्याच्यावरनं संगणकाला कळतं वारा किती आला, आन् त्यो तेवढंच पेट्रोल सोडतो. वाऱ्याचा आन् पेट्रोलचा मेळ बसला की गाडी पळती."

"म्हंजे ह्ये नाक."

"नाकच म्हणा की!"

"आन् आत जे जाईल, ते ह्या नाकातनंच."

"वा, काकी! तुमी इंजिनियरच व्हायला पायजे हुता!"

रंगूबाईंनी त्या नाकाकडं बराच वेळ टक लावून बघितलं आणि गंभीर चेहऱ्यानं आत गेल्या. बुद्धभूषणला वाटलं, चला, गावात एक तरी माणूस विज्ञानाच्या बाजूला आलं.

संध्याकाळपर्यंत त्यानं किती वाऱ्याला किती पेट्रोल, याचे आकडे बसवले. गाडी गावातून अशी गुळगुळीत फिरली की तो घरी जाताना शीळ घालत गेला. मंगळवारी सकाळी आला, किल्ली फिरवली, आणि गाडी घुसमटली! खोकली, थरथरली, 'फट्' करून बंद. लॅपटॉप सांगत होता, हवा कमी येतेय. काल येत होती तेवढी आज येत नव्हती. पाइप तोच, जाळी तीच, अंगण तेच. त्यानं पेट्रोल थोडं वाढवलं. दुपारपर्यंत गाडी परत सुधारली, संध्याकाळी परत गुळगुळीत.

बुधवारी सकाळी परत घुसमट. हवा आणखी कमी. गुरुवारी त्याहून कमी.

आता बुद्धभूषण शीळ घालेना. रोज संध्याकाळी तो आकडे बसवून जायचा आणि सकाळी यावं तर जणू रात्रीत कोणीतरी छातीवर बसून गेलंय. गाडीच्या दाराला कुलूप होतं, बॉनेटला नव्हतं. पण बॉनेट उघडून आकडे कोण बदलणार? आकडे तर लॅपटॉपमध्ये, आणि लॅपटॉप त्याच्या उशाशी! गुरुवारी चहा पिताना त्यानं ही हकिकत बायकोला सांगितली. साक्षी विट्याच्या हायस्कुलात विज्ञान शिकवते.

"तार परत बघितलीत का?" तिनं विचारलं.

"कुठली तार? सेन्सरची? अगं, ती मी स्वतः बसवलीय! सोमवारी पुसलीय!"

"आज गुरुवार आहे."

"तुला गाड्यातलं कळत न्हाई," असं म्हणून त्यानं विषय संपवला. हे वाक्य त्याला पुढं फार महागात पडलं, पण ते घरातलं आहे, राहू द्या.

शुक्रवारी त्यानं ठरवलं, अंगणात मापून उपयोग नाही, जिथं मरते तिथं जाऊनच बघायचं. वीरधवल येणार होता, पण रंगूबाईंनी त्याला स्वतःची शपथ घातली. बुद्धभूषणला मात्र त्यांनी निघताना कागदाची एक पुडी दिली. पालीच्या खंडोबाचा भंडारा. "बसताना जवळ आसू दे, लेकरा." नाही म्हणणं बरं दिसलं नसतं, म्हणून त्यानं ती समोरच्या कप्प्यात टाकली आणि बायकांच्या भोळेपणावर गाव सुटेपर्यंत एकटाच हसला.

भर दुपारचे साडेबारा. ऊन असं की रस्ता हलताना दिसावा. चढ लागला तसं गाव मागं बुडालं आणि आवाज सगळे बंद झाले. राहिला फक्त पंख्यांचा. तुम्ही खालून कधी ऐकलाय तो? घूंऽऽप. थांबतो. घूंऽऽप. पहिल्या पंख्याची सावली काचेवरून गेली तेव्हा बुद्धभूषणनं नकळत मान खाली घेतली. दुसऱ्याची गेली तेव्हा पण घेतली. इंजिन अडखळत होतं, पण ओढत होतं. तिसरा पंखा आला, वळण आलं, त्यानं पाय उचलला.

हाऽऽश.

दोन आचके. बंद.

बुद्धभूषण घाबरला नाही. हे त्यानं स्वतःला मोठ्यानं सांगितलं. किल्ली तशीच चालू ठेवून तो उतरला, बॉनेट उघडून काठीचा टेकू दिला आणि लॅपटॉप चाकावरच्या पत्र्यावर ठेवला. इंजिन मेलं होतं. म्हणजे पडद्यावर सगळे आकडे शून्य असायला हवेत. इंजिनाचे फेरे, शून्य. पेट्रोल, शून्य.

हवा, तीन.

त्यानं डोळे पुसले. चार. पाच. मग सावकाश खाली. तीन. दोन. शून्य. क्षणभर काहीच नाही. मग परत एक, तीन, पाच. झोपलेल्या माणसाची छाती जशी वर येते आणि खाली जाते, तसा तो आकडा वर येत होता आणि खाली जात होता.

बुद्धभूषणनं स्वतःचा श्वास धरला. गाडीचा चालूच होता.

"कोण हाय?" त्यानं विचारलं. आवाज त्याच्या अपेक्षेपेक्षा बराच बारीक निघाला.

आकडा सातवर गेला.

आता बघा, दुसरा कोणी असता तर त्यानं मनाची समजूत घातली असती की भास झाला. बुद्धभूषणला तीही सोय नव्हती! राजाराम मास्तरांनी शिकवलेलं सगळं त्यानं केलं होतं. डोळ्यानं बघितलं होतं, यंत्रानं मापलं होतं, आणि माप सांगत होतं की मेलेली गाडी श्वास घेतेय. अडाणी माणसाला भूत दिसतं. बुद्धभूषणला ते दशांश चिन्हासकट दिसत होतं.

घूंऽऽप, वरचं पातं आलं. सावली त्याच्या अंगावरून गेली. आकडा चढला.

पुढचं एवढंच की कप्पा उघडला गेला, पुडी फाडली गेली, आणि 'घे बाबा, घे, सूट एकदाचा' असं पुटपुटत सगळा भंडारा त्या नाकात रिकामा झाला. हे सगळं त्याच्याच हातांनी केलं, पण विचारलंत तर तो म्हणेल हात त्याचे नव्हते.

आकडा उसळून वीसवर गेला. मग पडला. पाच, दोन, शून्य. आणि शून्यावरच थांबला.

त्यानं वाट बघितली. आकडा हलेना. श्वास थांबला होता! सुटला म्हणावं, की आपण याला दुसऱ्यांदा मारलं? हा विचार डोक्यात आला आणि बुद्धभूषण पळाला. लॅपटॉप तिथंच, किल्ली तिथंच, डाव्या पायातली चप्पल दुसऱ्या पंख्यापाशी. गावात शिरताना तो चालायला लागला आणि विचारणाऱ्यांना सांगितलं, "जरा पाय मोकळं करायला उतरलो."

संध्याकाळी घरी त्याला जेवण जाईना. साक्षीनं दोनदा विचारल्यावर त्यानं श्वासाची गोष्ट सांगितली. भंडाऱ्याची सांगितली नाही.

साक्षीनं शांतपणे ऐकून घेतलं. "किल्ली चालू होती?"

"व्हय."

"म्हणजे तार तापलेली होती?"

"व्हय."

"पाइपाला फिल्टर नाही, नुसती जाळी. बॉनेट उघडं?"

"व्हय गं."

"आणि पठारावर वारा होता का हो? का पवनचक्क्या तिथं शोभेला उभ्या केल्यात?"

बुद्धभूषणनं घास हातात तसाच धरून ठेवला. वारा! वारा पाइपात शिरत होता, तार गार होत होती, आकडा चढत होता. झुळूक गेली की उतरत होता. यंत्र अगदी खरं बोलत होतं, त्यानं विचारलंच नव्हतं की कोणाचा श्वास. लाज वाटली त्याला, अगदी कानापर्यंत. पण त्या लाजेखाली असं काही हलकं वाटलं की त्यानं तीन भाकरी खाल्ल्या.

"आणि उद्या ती तार काढून बघा," साक्षी म्हणाली. या वेळी त्याला गाड्यातलं जास्त कळत नव्हतं.

शनिवारी सकाळी वीरधवलनं ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी लॅपटॉपसकट अंगणात आणली. बुद्धभूषणनं सेन्सर काढला. तार दिसेनाच. भज्याला पीठ लागावं तसा पिवळा थर, आतून करपलेला, आणि वास? हळदीचा! पण थर एकाच दिवसाचा नव्हता. पापुद्रे होते. खाली काळपट, मग तांबूस, वर ताजा पिवळाधमक. त्याच्या डोक्यात सोमवारचं सगळं बोलणं धडाधड पेटलं. हे नाक. जे जाईल ते ह्या नाकातनंच. वा काकी!

त्यानं तार स्प्रेनं धुतली, आठवडाभर वाढवलेले आकडे पुसून सोमवारचे आकडे परत घातले, आणि कुरिअरनं आलेला फिल्टर पाइपावर आवळून बसवला. दुपारी लालासाहेब स्वतः शेजारी येऊन बसले. चढ लागला. पहिला पंखा, दुसरा पंखा. तिसऱ्याची सावली काचेवरून आली, बुद्धभूषणनं वळणावर पाय उचलला, गाडीनं 'हाऽऽश' केलं, आणि लालासाहेबांनी दाराची मूठ गच्च धरली. गाडी तशीच पुढं गेली! वळली, चढली, पळाली.

"त्यो सुस्कारा टर्बोचा असतो, सुभेदार," बुद्धभूषण म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते त्याला लपवायचे नव्हते. "पाय उचलला की उरलेली हवा भाईर टाकतो. आन् ह्या रस्त्याला पाय उचलायची जागा येकच, तिसऱ्या पंख्याचं वळाण. आकडा चुकल्यामुळं पेट्रोल आधीच कमी पडत हुतं, तितं पाय उचलला की मरायची."

लालासाहेब "हं" म्हणाले. परत आल्यावरही त्यांनी कटरवाल्याला फोन लावला नाही. ते गाडीकडं बघत होते, मुलाकडं बघत होते, आणि मनातलं चेहऱ्यावर येऊ देत नव्हते.

अंगणात तीस माणसं जमली होती. साक्षीही शाळा सुटल्यावर आली होती. इथं बुद्धभूषणनं नुसता नमस्कार करून घरी जायला हवं होतं. पण सुभेदारांना पटवायचं राहिलं होतं, आणि समोर माणसं होती. जिभेला ब्रेक नाही, हे मी सांगितलंच आहे.

"काकी, खरं सांगा, रोज सकाळी नाकात काय घालत हुता?"

रंगूबाई जराही कचरल्या नाहीत. "भंडारा. चिमूटभर. तूच नाक दाखवलंस की! म्हनलं श्वास सुटू दे त्याचा, माझ्या पोराला काय करू नगंस." त्यांनी बोटांची चिमूट करून दाखवली. "दर दिशी गाडी जास्तच घुसमटाया लागली, म्हनून मी चिमूट मोठी केली."

"ऐकलं का सगळ्यांनी? भूत न्हाई! आकडाच!" बुद्धभूषणनं लॅपटॉप उघडून बॉनेटवर ठेवला. "माझं यंत्र आठवडाभर सगळं टिपून ठेवतंय, तारीख-वेळेसकट. ह्यो आलेख बघा. सोमवारी हवा हितं. मंगळवारी येक पायरी खाली, ती काकींची पैली चिमूट. बुधवारी दुसरी पायरी. गुरुवारी तिसरी, शुक्रवारी चौथी. यंत्रापास्नं काय लपत न्हाई!"

माणसं वाकून वाकून बघायला लागली. लालासाहेबांनी चष्मा लावला. फौजेत नकाशे वाचलेला माणूस, पायऱ्यांवरून त्यांचं बोट सावकाश उतरत गेलं आणि एका जागी थांबलं.

"आन् ह्यो कडा कसला?"

"कुठला?"

"ह्यो. चिमटीची पायरी येवढीशी हाय. ह्यो तर सरळ तळापातुर तुटलाय. शुक्रवार. दुपारी बारा येक्केचाळीस."

बुद्धभूषणनं लॅपटॉप मिटायला हात घातला. लालासाहेबांचा अंगठा पडद्याच्या कडेवर होता.

"मी तवा घरात भाकरी थापत हुते," रंगूबाई म्हणाल्या. "गाडी तर पठारावर हुती."

"पठारावर तवा कोन हुतं?" लालासाहेबांनी विचारलं.

तीस माना लॅपटॉपवरून उठून एकदम बुद्धभूषणकडं वळल्या. साक्षीनं पदर तोंडाला लावला.

"किती टाकलास रं?" रंगूबाईंनी अगदी मायेनं विचारलं.

"...सगळा," बुद्धभूषण म्हणाला. "पुडी झटकून."

लालासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, खिशात ठेवला. मग फोन काढून नंबर लावला. "हां, उद्या येऊ नगंस. गाडी कापायची न्हाई." फोन ठेवून ते बुद्धभूषणकडं वळले. "सोमवारपास्नं बघतोय तुला. कशाचीच भीती न्हाई म्हनत हुतास. म्हनलं, अशा मानसानं केलेल्या गाडीत पोरगा बसवायचा कसा? भीती वाटती ना तुला? मग बरंय. तू जपून काम करशील."

गाडी वाचली, पाटीही जागेवर राहिली. वीरधवल कोइमतूरला गेला तो तिच्यातूनच गेला आणि सुखरूप पोचला. बुद्धभूषण आता भुताखेतांवर चौकात बोलत नाही. बोलायचा प्रश्नच येत नाही, कारण तो चौकात दिसला रे दिसला, की पारावरून कोणीतरी हमखास विचारतं, "काय गड्या भूषण, बारा येक्केचाळीस वाजलं का रं?"